निसर्ग केंद्रातला मायचा मोर

साकोलीच्या बस स्थानकावर मी उतरले तेव्हा माय आधीच येऊन बसली होती. सानगडीकडची पहिली गाडी पकडून आली असणार. पदराच्या टोकाला तिनं गाठ मारली होती आणि ती गाठ मुठीत धरून ती बाकावर ताठ बसली होती. गाठीत काय आहे ते मला न विचारताच कळलं, आणि सकाळी सकाळी माझं डोकं फिरलं.

"तांदळाची कणी बांधून आणली ना तू?"

"थोडीशी आणली."

"कायले?"

"त्याच्यापाशी रिकाम्या हातानं जाऊ काय? लेकराच्या घरी जातानी कोणी रिकाम्या हातानं जाते काय?"

लेकरू म्हणजे मोर. मी तिचं एकुलतं एक लेकरू, भंडाऱ्याला नोकरी करते, दर रविवारी एसटीचे धक्के खात तिला भेटायला जाते. माझ्यासाठी पदरात काही बांधून ती स्थानकावर आल्याचं मला आठवत नाही. हे मी बोलले नाही. बोलले असते तर दिवसभर पुरलं असतं.

मोराची हकीकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. परवाच्या वर्षी श्रावणात आमच्या धानात निंदण चाललं होतं. बांधावरचं गवत कापताना मायच्या विळ्यापुढून एक लांडोर फडफडत उठली, आणि खाली अंडी. आमच्या भागात अशी अंडी कोणी जागेवर ठेवत नाही. माणसाचा हात लागला की पाखरू परत बसत नाही, अशी पक्की समजूत. शिवाय मुंगूस आणि कुत्री टपलेलीच असतात. मग घरी खुडूक कोंबडी असली की अंडी तिच्याखाली सारायची. तितराची सारतात, बदकाची सारतात, मायनं लांडोरीची सारली. लांडोर तासाभरात परत आली असती, हे आता मला माहीत आहे. तेव्हा आमच्या शेतातल्या एकाही बाईला ते माहीत नव्हतं. पुण्य म्हणून केलेली चूक होती ती.

कोंबडीची पिल्लं निघायची वेळ उलटून गेली तरी ती कोंबडी उठली नाही. मायला तिचं भारी कौतुक. शेवटी दोन पिल्लं निघाली. एक मुंगसानं नेलं, एक जगलं. ते कोंबडीमागं हिंडायचं, कोंबड्यांसारखं उकिरडा उकरायचं, आणि हळूहळू कोंबडीच्या दुप्पट झालं तरी तिच्या पंखाखाली घुसायला बघायचं. माय हसून हसून बेजार व्हायची. बाबा गेल्यावर त्या अंगणात हसणं ऐकू आलं ते या पाखरामुळे, हे मला मान्य करावंच लागतं.

त्याला बोलावण्याची एक पद्धत होती, ती नीट सांगते. माय कोंबड्यांना दाणे टाकताना मोठ्यानं "ती-ती-ती-ती" करायची. त्यासरशी सगळ्या कोंबड्या धावत यायच्या आणि सगळ्यांपुढं कोंबडा. हा कोंबडा महा खवट. मोराचं पिल्लू दाण्यांत तोंड घालायला गेलं की त्याच्या डोक्यात चोच हाणायचा. दोन-चारदा रक्त निघालं. तेव्हापासून "ती-ती" ऐकली की मोर उडून छपराच्या कवेलूंवर जाऊन बसायचा. कोंबड्यांचं खाणं आटोपेपर्यंत मान लांब करून मायकडे बघत राहायचा. कोंबड्या पांगल्या की माय ओसरीच्या खांबाला टेकून, कुजबुजल्यासारखं, "ये ना, ये ना" म्हणायची. मग तो उतरायचा आणि तिच्या हातातली कणी खायचा. मीही एकदा तसंच म्हणून पाहिलं. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारणीनं पाहिलं, शेजारणीच्या सुनेनं पाहिलं. छे! महाराजांना फक्त मायचा आवाज चालायचा.

पुढं त्याच्या मानेला निळा रंग चढला, बोटभर पिसारा आला, आणि तो अर्धवट पिसारा फुलवून स्वारी कोंबड्यांसमोर नाचायला लागली. शेजारच्यांनी मोबाइलवर त्याचा नाच काढला. नाच गावभर फिरला, गावाबाहेर गेला आणि एक दिवस जंगल खात्याची गाडी अंगणात आली. मोर पाळणं गुन्हा असतो. साहेब भला माणूस, त्यानं मायला समज दिली आणि मोराला पोत्यात घालून नेलं. माय त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण त्यानंतर कोंबड्यांना दाणे टाकताना ती "ती-ती" म्हणायची बंद झाली. नुसतेच फेकायची. कोंबड्या काय, तशाही येतात.

आता त्या गोष्टीला चार-पाच महिने झाले होते. मोराला एका लहानशा निसर्ग केंद्रात ठेवलं होतं आणि साहेबांचा मायला फोन आला होता. तिकडे त्याला माणसाशिवाय राहायची सवय लावली आहे. आता एकदा बघायचं की सवय लागली की नाही. ज्या बाईनं वाढवला तिच्याकडेच तो गेला नाही, तर कोणाकडेच जायचा नाही, मग त्याला जंगलात सोडता येईल. गेला, तर मात्र कायमचा जाळीतच राहील, कारण माणसाजवळ जाणारा मोर जंगलात जास्त दिवस टिकत नाही. कोणीतरी मानगूट धरतं.

थोडक्यात, मायनं "ये ना" म्हटलं की मोर जाळीत राहणार आणि मायला तो वाटेल तेव्हा बघता येणार. नाही म्हटलं तर तो जाणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही.

मला काय हवं होतं, तेही सांगून टाकते. मला तो जाळीत राहायला हवा होता. मोर राहिला तर माय अधूनमधून तिथं जाईल, दोन माणसांशी बोलेल, तिचा जीव रमेल. आणि एखादा रविवार मला माझ्या खोलीत पाय पसरून झोपता येईल. किती दिवस मी याची वाट पाहत होते! तरीही स्थानकावर ती गाठ पाहून मी चिडले. का चिडले, मलाच सांगता येत नव्हतं. त्या दिवशी माझं कशानंच समाधान होत नव्हतं.

ऑटो मिळायला वेळ लागला. मिळाला तो भरेपर्यंत निघेना. मी उतरून फेऱ्या मारल्या, ड्रायव्हरला दोनदा बोलले, फोन काढून पाहिला, आत ठेवला, पुन्हा काढला. माय आत दोन बायांच्या मधे दबून गाठ सांभाळत बसली होती.

"बस ना वं एका जागी," ती म्हणाली. "तुह्या चालण्यानं ऑटो लवकर भरते काय?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी सुरू होती. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, भारी उभा होता. एरवी माय रस्ताभर कोणाच्या बांधीत काय पिकलं यावर बोलत असते. त्या दिवशी गप्प होती. ती गप्प असली की मला जास्त बोलावंसं वाटतं, म्हणून मी बोलत राहिले. तू हाक मारणार आहेस का, मारलीस तर काय होईल, नाही मारलीस तर काय होईल. दोन्ही बाजूंनी मीच भांडले. 

निसर्ग केंद्र म्हणजे जंगलाच्या कडेला तारेचं कुंपण, एक कौलारू खोली, आणि फाटकावर रंगवलेला वाघ. वाघाचा चेहरा शेजारच्या घरातल्या मांजरासारखा. साहेब यायचे होते. "येऊनच राहिले," असं तिथला राखणदार म्हणाला. वयस्क, किडकिडीत माणूस, खांद्यावर दुपट्टा. सरकारी माणसाचं "येऊनच राहिले" म्हणजे काय हे मी स्वतः सरकारी नोकरीत असल्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. मी घड्याळ बघायला लागले.

"तवरोक पाहून घ्या मावशी," तो मायला म्हणाला. "सगळे इथलेच आहेत. बाहेरचं कोणी नाही."

खरंच सगळे आमच्याच भागातले होते. एक घुबड, विजेच्या तारेला लागून एक पंख गेलेलं. एक सायाळ, कोणाच्या तरी विहिरीत पडलेली. घोरपड, तिच्या शेपटीचं टोक कोणीतरी कोयत्यानं उडवलेलं. अजगर, तो धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्यात सापडला म्हणे, आणि भारे उचलणाऱ्यांनी घाबरून मारलेल्या काठ्यांचे वळ अजून दिसत होते. हौसेनं आलेलं तिथं कोणीच नव्हतं. प्रत्येकाच्या मागं एखादं गाव होतं, एखादा माणूस होता. मी भराभर पाट्या वाचत पुढं सरकत होते. माय प्रत्येक जाळीपाशी थांबून, दवाखान्यात रोग्याला बघायला गेल्यासारखी चौकशी करत होती.

"हे घुबड खाते काय?"

"उंदीर खाते मावशी."

"रोज देता?"

"रोज देतो."

"अन् हे सायाळ जाईन काय परत?"

"जाईन ना. पाय बरा झाला का जाईन."

"अन् घुबड?"

राखणदारानं मान हलवली. "त्याले कायचं जंगल आता. उडताच येत नाही."

माय घुबडासमोर बराच वेळ उभी राहिली. घुबड दिवसाचं झोपतं, तसं ते झोपलं होतं. मग त्यानं एक डोळा उघडून पुन्हा झाकला, तशी माय म्हणाली, "बाप्पा, किती दिवस असंच बसन हे?" मी म्हटलं, "माय, चल ना पुढं." मला त्या जाळ्या सोसवत नव्हत्या. तरी माझा हिशेब बदलला नव्हता. मोराची जाळी मोठी असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते.

साहेब आले ते उशीर झाल्याबद्दल माफी मागतच आले, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याची सोयही राहिली नाही. तरुण होते. त्यांनी मायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं पुन्हा नीट समजावून सांगितलं. मोराला हिरव्या पडद्याआडून दाणे देतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही. नव्या माणसापासून तो आता दूर जातो. राहिली फक्त माय.

"तुम्ही घरी कशी हाक मारत होता, तशीच मारायची," ते म्हणाले. "दाणेही दाखवा. तुमच्याकडे आला तर आम्ही त्याला इथंच सांभाळू. तुम्ही कधीही या, त्याला भेटा. नाही आला तर सोडू. तुम्ही काही वाईट वाटून घेऊ नका."

"सोडसान कुठं?" मायनं विचारलं.

"ते सांगत नाही आम्ही. लोक बघायला जातात."

मायनं मान हलवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ती हाक मारणार. कणी बांधून आणलेली बाई दुसरं काय करणार? माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी ते घुबड आठवून पुन्हा बसलं.

मोराची जाळी खरंच मोठी होती. एका अंगाला बांबूचं बेट, मधे पळसाची दोन झाडं, उंचावर आडवी बसवलेली एक लाकडी बल्ली. मोर खाली गवतात काहीतरी टोचत होता. मी त्याला ओळखलंच नाही आधी. पिसारा झडून नवा फुटत होता, पण अंग भरलं होतं आणि मान अशी निळी की बघत राहावं. आमच्या उकिरड्यावरचा तो बावळट पोट्टा हाच, यावर विश्वास बसेना. माय जाळीच्या आत दोन पावलं जाऊन थांबली. साहेब आणि राखणदार मागं, पडद्याआड. मी दारात.

मोरानं मान वर केली. एक पाय उचलला तो तसाच ठेवला. त्याला माय दिसली होती, यात शंका नाही. ओळखलं की नाही ते सांगता येत नाही, कारण तो पळालाही नाही आणि आलाही नाही. मायनं गाठ सोडली. कणी तळहातावर घेतली. 

ती उभी राहिली, उभीच राहिली. मागं साहेब खाकरले. मला वाटलं, मार ना बाई हाक, एकदाचा निकाल लाव.

आणि मायनं हाक मारली. मोठ्यानं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी.

"ती-ती-ती-ती-ती!"

कणी तिनं मूठभर उधळून दिली, कोंबड्यांना उधळतात तशी.

मोर दचकला. पंख फडफडवले, आणि एका झेपेत वर त्या बल्लीवर जाऊन बसला. उंच, आमच्यापासून लांब. मागं साहेब हळूच म्हणाले, "गेला. बघितलं? दाणे टाकले तरी गेला. छान झालं." राखणदार म्हणाला, "मावशीले बी भेला तो."

मी मात्र वर बघत होते. मोरानं मान लांब केली होती. डोकं एका बाजूला कलतं करून तो मायकडे बघत होता, अगदी तसाच, कवेलूंवरून बघायचा तसा. तो पळाला नव्हता. कोंबड्या खाऊन जायची वाट बघत होता. त्याला वाटत होतं की आता सगळ्या पांगतील आणि मग माय त्याला बोलावेल.

माझा रविवार, माझी झोप, काही उरलं नाही डोक्यात. एवढंच वाटलं की याला कोणीतरी सांगायला हवं. माझ्या आवाजाला तो येत नाही हे माहीत असूनही माझ्या तोंडात "ये ना" आलं होतं. मायनं वळून न बघता माझं मनगट पकडलं. नखं रुतली इतकं घट्ट. मी तोंड मिटलं. ती तशीच मला ओढत जाळीबाहेर घेऊन आली. साहेबांना हात जोडले आणि म्हणाली, "साहेब, सोडून द्या त्याले."

परतीच्या ऑटोत मी मनगट चोळत बसले होते. साकोलीच्या स्थानकावर पुन्हा त्याच बाकावर बसलो. तिची गाडी यायला अवकाश होता. माझी तर फलाटाला लागायच्या बेतात होती. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"तू खोटी हाक मारली."

"खोटी कायची? घरी तेच मारत होती मी."

"कोंबड्याईले मारत होती. त्याले नाही."

मग मी तिला धारेवरच धरलं. म्हटलं, साहेबाला फसवलंस, उद्या तो मोर जंगलातून कोणाच्या अंगणात गेला, कोणी धरून खाल्ला, तर? माणसाला भ्यायचं तो शिकलाच नाही, तर?

माय शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तो कोणापाशी जाते? तुह्यापाशी आला होता कधी? शेजारणीपाशी गेला? जगात एका हाकेले येते तो. ते हाक माह्यापाशी आहे. अन् मी काही जंगलात जाऊन त्याले बलावत नाही. मंग कोण धरते त्याले?"

हिशेब बरोबर होता. पण बल्लीवरची ती लांब केलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, आणि तिला ती दिसली नसावी, आपल्याला ते सांगावं लागेल, या विचारानं मी आणखीच कासावीस झाले. सांगू की नको?

"माय," मी म्हटलं, "तो वर बसला ना, तो पळाला नव्हता..."

"मले माहीत आहे."

मी तिच्याकडे पाहिलं.

"पाहून राहिला होता मले," ती म्हणाली. "पाह्यलं ना मी. आताबी तेथंच बसून असन. अंधार पडेपर्यंत बसन. त्याले वाटन, माय आता बलावते, मंग बलावते." तिनं पदराची सुटलेली गाठ चाचपली. "भूक लागन तव्हा उतरन आपला आपण. उतराच लागन त्याले."

एवढं बोलली आणि मग तिनं रिकामा पदर तोंडावर घेतला. भर स्थानकात, लोक बघत असताना, माझी माय हुंदके देऊन रडली. बाबांच्या वेळी ती चार लोकांत रडली होती, रीत म्हणून. हे रडणं तसलं नव्हतं. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिच्या पाठीची हाडं हाताला लागली तेव्हा कळलं की ती किती वाळली आहे.

भंडाऱ्याची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओरडायला लागला. सकाळपासून मी याच गाडीच्या घाईत होते.

"तुही गाडी लागली," माय पदरातूनच म्हणाली. "जाय."

"लागू दे," मी म्हटलं, आणि तिच्याजवळ सरकून बसले.